८.५, १०.८ की १०.२? इंजिन बांधताना कॉम्प्रेशन रेशो नक्की कसा काढायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, मूळ बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ७६ मिमी, स्ट्रोक (पिस्टन तळापासून टॉपपर्यंत जातो ते अंतर) ७७ मिमी, पुस्तकात रेशो ९. बोअर झिजले म्हणून अर्धा मिमी ओव्हरसाइझ पिस्टन घातले. हेड ०.३ मिमी आणि ब्लॉकचं तोंड ०.१ मिमी फेस करून, म्हणजे मशिनवर कापून सपाट करून आणलं. आता हिशोब केला तर एकदा ८.५ येतो, एकदा १०.८. आणि इंजिन खोलण्याआधी कॉम्प्रेशन गेजवर १५० पीएसआय दाखवत होतं, त्याला हवेच्या दाबाच्या १४.७ ने भागलं तर १०.२. यातला खरा कोणता, आणि इंजिन असंच बांधलं तर चालेल का?

तिन्ही चुकीचे आहेत. तुम्ही दिलेल्या मापांवरून आकडा ९.४ च्या आसपास येतो. ‘येतो’ म्हणतोय, ‘आहे’ म्हणत नाही, कारण त्यातली दोन मापं तुम्ही घेतलेली नाहीत, एक पाकिटावरून आणि एक कॅटलॉगवरून उतरवलंय.

आधी गेजचं बघू, कारण ही चूक जुनेजाणते लोकही करतात. गेज दाब दाखवतं. रेशो म्हणजे दोन घनफळांचा भागाकार: पिस्टन तळाला असतानाची वरची सगळी जागा भागिले तो सगळ्यात वर, टॉपला असतानाची. हवा दाबली की तापते, त्यामुळे जागा जितक्या पटीने कमी होते त्यापेक्षा दाब जास्त पटीने चढतो. दुसरीकडे, पिस्टन तळाला पोचला की इनलेट व्हॉल्व्ह लगेच बंद होत नाही. पिस्टन वर निघाल्यावरही क्रँक चाळीस-साठ अंश फिरेपर्यंत तो उघडाच असतो, आणि तेवढी हवा मॅनिफोल्डमध्ये परत जाते. रिंगांमधून गळते ती वेगळीच. त्यात स्टार्टर किती वेगाने फिरवतोय, थ्रॉटल पूर्ण उघडा होता की नाही, यावरही काटा हलतो. गेजचा उपयोग सिलिंडरांची आपसात तुलना करायला. त्यावरून रेशो काढू नका.

आता हिशोब. एका सिलिंडरचं स्ट्रोकचं घनफळ म्हणजे बोअरचा वर्ग गुणिले ०.७८५४ गुणिले स्ट्रोक. सगळं सेंटिमीटरमध्ये घ्या, म्हणजे उत्तर थेट सीसीत मिळतं. ७.६५ चा वर्ग ५८.५२, गुणिले ०.७८५४ म्हणजे ४५.९६, गुणिले ७.७ म्हणजे ३५३.९ सीसी. जुन्या ७६ च्या बोअरला हेच ३४९.३ होतं.

पिस्टन टॉपला असताना वर उरते ती जागा चार-पाच तुकड्यांची बनलेली असते. तुमच्या मापांनी हेडमधला चेंबर, म्हणजे मिश्रण जळतं तो खळगा, ३१.८ सीसी. हेड आणि ब्लॉकच्या मधल्या गॅस्केटच्या भोकाचा व्यास ७७.५ आणि दाबल्यानंतरची जाडी १.२, म्हणजे ५.६६ सीसी. पिस्टन टॉपला ब्लॉकच्या तोंडापासून ०.३ मिमी खाली राहतो, त्याचे १.३८. पिस्टनच्या डोक्यातली डिश, म्हणजे खळगा, ३. बेरीज ४१.८४.

रेशो = (स्ट्रोकचं घनफळ + उरलेली जागा) ÷ उरलेली जागा.

पिस्टन तळाला असताना वरची जागासुद्धा हवेने भरलेलीच असते, म्हणून ती वरही येते आणि खालीही. तुम्ही पहिल्यांदा ३५३.९ ला नुसतं ४१.८४ ने भागलंत. ८.४६ आलं, त्याचं ८.५ केलंत. त्यात एक मिळवायचा राहिला. दुसऱ्यांदा सूत्र बरोबर वापरलंत, पण बेरजेत गॅस्केट घातलंच नाही. भाजक ३६.१८ झाला आणि रेशो १०.८ वर गेला. सगळं नीट घातलं तर ९.४६ येतो.

त्यातून अजून थोडं वजा होतं. पिस्टनचं डोकं बोअरपेक्षा बारीक असतं. वरच्या रिंगच्या वर जी कड राहते तिच्या आणि बोअरच्या मध्ये फट असते. तुमच्या पिस्टनला ती चौफेर पाव मिमी आणि कडेची उंची ६ मिमी धरली तर साधारण ०.३६ सीसी होतात. एकूण ४२.२, रेशो ९.३९. बरेच जण ही फट सोडून देतात. सोडली तरी आभाळ कोसळत नाही, पण दोन इंजिनांची तुलना करायची असेल तर दोन्हीकडे धरा किंवा दोन्हीकडे सोडा.

आता खरी गंमत. बोअर अर्धा मिमी वाढवल्याने रेशो किती चढला असेल? बाकी काहीही न बदलता फक्त ०.१. आणि चेंबरमध्ये एक सीसी कमी झाला तर? जवळजवळ ०.२. म्हणजे चार सिलिंडर बोअर करून, होनिंग करून, नवे पिस्टन घालून जो फरक पडतो, तो हेडमध्ये अर्धा सीसी इकडचा तिकडे झाला की पडतो. अर्धा सीसी म्हणजे दहा-बारा थेंब. लोक बोअर मायक्रोमीटरने शतांशापर्यंत मोजतात आणि चेंबरचा आकडा पुस्तकातून उचलतात. मापाची सगळी काळजी भाजकात घ्यायला हवी, तिथे चुकलात तर वरचं अचूक माप वाया जातं.

म्हणून चेंबर कसा मोजायचा ते जरा सावकाश सांगतो.

व्हॉल्व्हच्या सीटचं काम आणि फेसिंग दोन्ही झाल्यावरच मोजा, आधी नाही. सीट कापून ३६ मिमीचा व्हॉल्व्ह अर्धा मिमी खोल बसला तर तेवढ्यानेच चेंबर अर्धा सीसी वाढतो. व्हॉल्व्ह आपापल्या जागी घाला, सीटवर ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा, हलक्या स्प्रिंगा लावल्या तरी पुरे. स्पार्क प्लग तोच घाला जो गाडीत जाणार आहे. कमी लांबीचा प्लग घातला तर त्याच्या भोकात राहिलेली जागासुद्धा मोजली जाते.

हेड उलटं ठेवा, तोंड वर. पाच-सहा मिमी जाडीची अ‍ॅक्रिलिकची पारदर्शक पट्टी घ्या, चेंबर पूर्ण झाकेल एवढी, आणि एका कडेला सहा मिमीचं भोक पाडा. चेंबरच्या भोवती ग्रीसची बारीक रेघ ओढून पट्टी दाबून बसवा. ग्रीस आत पसरलं तर तेवढा चेंबर लहान दिसतो, म्हणून रेघ खरोखर बारीक हवी. मग हेड किंचित तिरकं करा, भोक सगळ्यात उंच राहील असं. सपाट ठेवलंत तर पट्टीखाली रुपयाएवढा बुडबुडा अडकतो आणि कितीही ठोकलं तरी हलत नाही.

ब्यूरेट (खाली तोटी असलेली मापाची काचेची नळी) असेल तर उत्तम. त्यात रंगीत पाणी घ्या, दोन थेंब साबण टाका म्हणजे ते पट्टीला चिकटून राहत नाही. सुरुवातीचा आकडा लिहून ठेवा, धार बारीक सोडा, शेवटी थेंब थेंब. पाणी भोकाच्या खालच्या कडेला टेकलं की थांबा. भोक भरू देऊ नका, तेही घनफळच आहे. वाचताना डोळा पाण्याच्या पातळीत, आणि पाण्याच्या वाटीसारख्या पृष्ठभागाचा तळ वाचायचा, कडा नाही. पुसून, वाळवून पुन्हा एकदा. दोन वाचनांत ०.२ सीसीपेक्षा जास्त फरक असेल तर तिसऱ्यांदा. हेड बिडाचं असेल तर मोजून झाल्यावर लगेच पुसून तेलाचा हात द्या, नाहीतर सकाळी सीटवर तांबूस थर बघायला मिळेल.

ब्यूरेट नसेल तर दहा मिलीच्या सिरिंजने तीन-चार वेळा भरण्यापेक्षा मी वजनाचा मार्ग धरतो. साध्या पाण्याची बाटली ०.१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर ठेवा, चेंबर भरा, बाटली पुन्हा तोला. जितके ग्रॅम कमी झाले तितके सीसी. सिरिंजमध्ये प्रत्येक भरण्याची चूक बेरजेत येते, इथे एकदाच येते.

आणि चारही चेंबर मोजा. तुम्ही एकच मोजलाय. हीच चूक मी बऱ्याच वर्षांपूर्वी केली होती. पहिला चेंबर मोजला, आकडा पुस्तकाशी जुळला, खूश होऊन इंजिन बांधलं. चढावर ओझं आलं की एकाच सिलिंडरमध्ये बारीक टकटक. टायमिंग बरोबर, प्लग बरोबर. शेवटी हेड पुन्हा उतरवलं आणि चौथा चेंबर मोजला, तर पहिल्यापेक्षा जवळपास एक सीसी लहान. हेड फेसिंगच्या मशिनवर तिरकं बांधलं गेलं होतं, एका टोकाला पाव मिमी जास्त कापलं होतं. दोन्ही टोकांना हेडची उंची व्हर्नियरने बघितली असती तर दोन मिनिटांत कळलं असतं. तेव्हापासून फेसिंगहून आलेलं हेड मी आधी चार कोपऱ्यांवर मोजतो, मगच टेबलावर ठेवतो. चारही चेंबर अर्ध्या सीसीच्या आत असावेत. जो लहान असेल तो घासून बाकीच्यांइतका करायचा, मोठा लहान करता येत नाही.

फेसिंगने चेंबर किती घटेल याचा अंदाज बोअरच्या क्षेत्रफळावरून काढू नका. चेंबरचं तोंड बोअरपेक्षा लहान असतं. बोअर धरला असता तर ०.३ मिमीला १.३८ सीसी आले असते. तुमचा चेंबर आधी ३३ होता, आता ३१.८, म्हणजे प्रत्यक्षात १.२ च गेले.

डिशचं माप तुम्ही कॅटलॉगमधून घेतलंय. इथे मला सगळ्यात जास्त धाकधूक आहे. एकाच इंजिनाला बसणारे पिस्टन दोन-तीन प्रकारच्या डोक्यांचे असतात आणि बाहेरून सारखेच दिसतात. समजा तुमच्या हातातले सपाट डोक्याचे निघाले, तर बाकी सगळं तसंच ठेवून रेशो ९.४ वरून थेट १०.० होतो. मोजायची रीत सोपी आहे. पिस्टन बोअरमध्ये घालून, रिंगच्या वरच्या फटीत ग्रीस भरून, ब्लॉकच्या तोंडापासून बरोबर ६ मिमी खाली आणा, डायल गेजने बघून. सपाट पिस्टन असता तर वरची जागा ४५.९६ गुणिले ०.६ म्हणजे २७.६ सीसी भरली असती. वर तीच अ‍ॅक्रिलिक पट्टी लावून पाणी भरा. ३०.६ गेलं तर डिश ३ सीसी, कॅटलॉग खरं बोलतंय. २७.६ च्या आसपास थांबलं तर पिस्टन सपाट. त्याहून कमी गेलं तर डोकं वर आलेलं आहे आणि तो आकडा बेरजेतून वजा करायचा. व्हॉल्व्हसाठी कोरलेले खळगेसुद्धा यात आपोआप धरले जातात, त्यांचा वेगळा हिशोब नको.

पिस्टन टॉपला किती खाली राहतो हे मोजताना डायल गेजची सुई गजन पिनच्या (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनच्या) रेषेत, पिनच्या दोन्ही टोकांच्या वर टेकवा आणि सरासरी घ्या. त्याच्या आडव्या दिशेला पिस्टन डोलतो, तिथे सुई टेकवली तर ०.१ मिमी इकडेतिकडे सहज दिसतो. हे मापसुद्धा चारही सिलिंडरला घ्या. कनेक्टिंग रॉडचं मोठं टोक दुरुस्त करून घेतलं असेल तर रॉड जराशी आखूड झालेली असते, आणि सगळ्या सारख्याच आखूड झाल्या असतील याची खात्री नसते.

गॅस्केटची जाडी म्हणजे दाबलेली जाडी. पत्र्याच्या थरांचं गॅस्केट फारसं दबत नाही, जुन्या पद्धतीचं भरावाचं गॅस्केट बरंच दबतं. नवं गॅस्केट व्हर्नियरमध्ये धरून मोजण्यात अर्थ नाही. त्याच जातीचं जुनं, उतरवलेलं गॅस्केट असेल तर सिलिंडरच्या भोवतीच्या कड्याजवळ मायक्रोमीटरने मोजा. भोकाचा व्यासही मोजा, तो बोअरइतका नसतो. भोक गोल नसेल तर आलेखाच्या कागदावर गिरवून चौकटी मोजायच्या, दुसरा उपाय नाही. बोअर वाढवल्यावर गॅस्केटची कड आत डोकावत नाही ना, हेही इथेच दिसतं. तुमचं ७७.५ आहे, ठीक आहे.

या दोन मापांची उलटतपासणी सोल्डरच्या तारेने होते. दोन मिमी जाडीची मऊ तार पिस्टनवर गजन पिनच्या रेषेत दोन्ही कडांना ग्रीसने चिकटवा, जुनं गॅस्केट टाकून हेड पूर्ण टॉर्कने कसा, क्रँक हाताने टॉपवरून फिरवा, हेड काढा आणि चपटी झालेली तार मोजा. तुमच्या आकड्यांप्रमाणे ती १.५ मिमी यायला हवी, ०.३ खालचे आणि १.२ गॅस्केटचे. आली तर दोन्ही मापं बरोबर. तार पिस्टनच्या कडेला आणि हेडच्या सपाट भागाखाली ठेवा, चेंबरच्या खाली ठेवली तर ती चपटी होणारच नाही.

ही १.५ मिमीची फट रेशोइतकीच महत्त्वाची आहे. टॉपला येताना पिस्टनची सपाट कड आणि हेडचा सपाट भाग यांमधून मिश्रण जोराने चेंबरमध्ये ढकललं जातं, ते घुसळतं, ज्योत लवकर पसरते आणि नॉकिंगला, म्हणजे उरलेलं मिश्रण आपोआप पेटून टकटक व्हायला, वेळच मिळत नाही. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लिश इंजिनतज्ज्ञ हॅरी रिकार्डो यांनी साइड व्हॉल्व्हच्या (व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असलेल्या) इंजिनांत चेंबरचा आकार बदलून हेच साधलं होतं. पोलादी रॉडच्या पेट्रोल इंजिनात ही फट १ मिमीच्या जवळ असली की काम चांगलं होतं. ०.८ च्या खाली मी जात नाही, वरच्या आरपीएमला रॉड ताणली जाते आणि पिस्टन हेडला शिवतो.

म्हणून तुम्ही जे सुचवलंय, की जाड १.५ मिमीचं गॅस्केट टाकून रेशो खाली आणू, ते मला पटत नाही. रेशो ९.४ वरून ९.१ वर येईल हे खरं, पण फट १.८ होईल. रेशो उतरवून नॉकिंग कमी करायला गेलात आणि ज्यामुळे नॉकिंग होत नाही तेच काढून घेतलंत, असं होईल. रेशो कमी करायचाच असेल तर चेंबरमधून, व्हॉल्व्हच्या भोवतीची भिंत घासून, धारदार कडा घासून सीसी वाढवा. किती, ते उलट्या हिशोबाने निघतं. उरलेली जागा = स्ट्रोकचं घनफळ ÷ (रेशो − १). ९ हवा असेल तर ३५३.९ भागिले ८, म्हणजे ४४.२ सीसी. आज ४२.२ आहेत, तर प्रत्येक चेंबरमध्ये २ सीसी वाढवायचे. भिंतीमागे पाण्याची वाट किती जवळ आहे हे माहीत नसेल तर ग्राइंडर हातात घेऊ नका.

पण मी तुमच्या जागी असतो तर ९.४ वरच बांधलं असतं. पुस्तकातल्या ९ पेक्षा ०.४ जास्त, फार नाही. आणि त्यातून ताकद फार वाढेल अशी आशाही नको. पेट्रोल इंजिनाच्या आदर्श चक्राच्या (ऑटो सायकलच्या) सूत्राने ९ ला ५८.५ टक्के आणि ९.४ ला ५९.२ टक्के कार्यक्षमता येते, म्हणजे प्रत्यक्षात एखाद टक्क्याचा फरक. सुरुवातीला इग्निशन दोन अंश मागे ठेवा, इंजिन थोडं चालून रुळल्यावर ओझ्याखाली ऐका, टकटक नसेल तर हळूहळू पुढे आणा. कॅमशाफ्ट मूळचंच असेल तर इनलेट व्हॉल्व्ह उशिरा बंद होण्याचा हिशोब वेगळा करायची गरज नाही. बदललं असेल तर करावा लागेल. उदाहरणार्थ रॉड १३० मिमीची आणि व्हॉल्व्ह तळानंतर ५० अंशांवर बंद होत असेल, तर पिस्टनला दाबायला ७७ पैकी ६६.६ मिमीच उरतात आणि इंजिनला प्रत्यक्ष जाणवणारा रेशो ८.३ पडतो.

हेड आणि ब्लॉक मिळून ०.४ मिमी खाली आलंय, त्यामुळे रेशोखेरीज अजून दोन गोष्टी हलल्यात. कॅमशाफ्ट हेडमध्ये असेल तर ते क्रँकच्या जवळ आलं आणि टायमिंग किंचित मागे पडलं. पुशरॉडचं इंजिन असेल तर रॉकरची बैठक बदलली. आणि दोन्हीकडे व्हॉल्व्ह पिस्टनच्या ०.४ मिमी जवळ आले. पिस्टनवर प्लास्टिसिनचा गोळा चिकटवून हेड कसा, क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा, प्लास्टिसिन ब्लेडने कापून सगळ्यात पातळ जागा मोजा. इनलेटला २ मिमी, एक्झॉस्टला २.५ मिमी यापेक्षा कमी असेल तर बांधू नका. फिरवताना कुठे अडलं तर जोर लावू नका, तिथेच थांबून हेड काढा.

उरलेले तीन चेंबर आणि चारही पिस्टनच्या डिश मोजून आकडे पाठवा. चेंबर ३१.८ च्या आसपास आणि डिश खरोखर ३ निघाली, तर बोल्ट कसायला हरकत नाही.